खान्देशातून व्यावसायिक बास्केटबॉलकडे : वय दहा ते तीस

खान्देशात मूल अंगाने उंच निघालं की कोणीतरी म्हणतंच, "आंडोर उंच शे, त्याले बास्केटबॉलले टाका." सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांचं घोडं उंचीपाशी क्वचितच अडतं, ते अडतं सामन्यांपाशी. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. जिल्ह्यात दुसऱ्याच सामन्यात हार झाली की वर्षाचा हिशेब दोन सामन्यांवर बंद. सहा वर्षं असंच चाललं तर बारा सामने. जिथे क्लब आणि लीग आहेत तिथला मुलगा तेवढे एका हंगामात खेळून मोकळा होतो. मग निवड चाचणीत दोघं समोरासमोर आले की फरक हातात कमी आणि निर्णयात जास्त दिसतो. पास कधी सोडायचा, कोणाला अडवायचं, शेवटच्या मिनिटात चेंडू कोणाकडे ठेवायचा, हे एकट्याने रिंगवर चेंडू मारून येत नाही.

कमाई कुठून येते

भारतात या खेळावर घर चालवणारे बहुतेक जण नोकरदार आहेत. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, पंजाब पोलीस अशांचे संघ असतात. खेळाडूला महिन्याचा पगार आणि स्पर्धेसाठी रजा मिळते. लीगचा मार्ग वेगळा. यूबीए ही खासगी व्यावसायिक लीग २०१५ ते २०१७ चालली आणि थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल, म्हणजे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, सुरू झाली. असले करार थोड्या काळाचे असतात आणि पुढच्या वर्षी लीग असेलच असं धरून कर्ज काढू नये. घरच्यांनी हिशेब नोकरी धरून करावा, लीगचे पैसे आले तर ते वरचे.

परदेशी क्लबांपर्यंत पोचलेले आहेत, पण मोजके. २०१७ मध्ये विशेष भृगुवंशीला ॲडलेड थर्टीसिक्सर्सने घेतलं, अमृतपाल सिंगला सिडनी किंग्जने, तर अमज्योत सिंग अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला. तिघेही आधी भारताच्या संघात पक्के झाले होते. एनबीए ही अमेरिकेतली सगळ्यांत मोठी लीग, तिचे संघ नवे खेळाडू ड्राफ्टमधून निवडतात. त्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला पहिला भारतीय सतनाम सिंग भामरा. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. त्यासाठी तो २०१०मध्येच, चौदा वर्षांचा असताना, फ्लोरिडाच्या अकादमीत शिष्यवृत्तीवर गेला होता आणि उंची सात फुटांवर होती. तरीही एनबीएच्या नियमित हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. दहावीतल्या मुलाने भिंतीवर एनबीएचं पोस्टर खुशाल लावावं, वेळापत्रक मात्र रेल्वेच्या भरतीचं लावावं.

मुलींसाठी तर रेल्वे हा सगळ्यात भरवशाचा रस्ता. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळते.

सराव सुरू करण्याआधी टेप आणा

तालुक्याच्या गावातलं कोर्ट बहुधा सिमेंटचं आणि जुनं असतं. त्यावर मुलगा पाच वर्षं चुकीच्या अंतरावरून नेम धरतो आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. एका सकाळी एवढं मोजून घ्या.

१. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर. कोर्टावर सिमेंटचे नवे थर चढत गेले की जमीन वर येते आणि रिंग आपोआप बुटकी होते. मुलं लोंबकळून रिंग पुढे वाकलेली असते. गवंड्याची लेव्हल रिंगवर आडवी ठेवून पाहा, वेल्डरकडून सरळ करून घ्या.

२. फ्री थ्रोची (फाउलनंतर कोणी न अडवता मारायच्या चेंडूची) रेषा बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून ४.६० मीटर. नियमाने बोर्ड मागच्या रेषेच्या १.२० मीटर आत हवा. शाळांत खांब रेषेला चिकटून असतो आणि बोर्ड तेवढा आत येत नाही, म्हणून मोजायचं ते बोर्डापासून, रेषेपासून नाही.

३. तीन गुणांच्या रेषेसाठी रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा, खाली खूण करा आणि तिथून ६.७५ मीटरची दोरी फिरवा. कोपऱ्यात ही रेषा बाजूच्या रेषेपासून ०.९० मीटरवर सरळ जाते. २०१० पर्यंत हे अंतर ६.२५ मीटर होतं आणि रिंगखालचा रंगवलेला भाग खाली पसरट होता, आता तो ४.९० × ५.८० मीटरचा आयत आहे. तुमच्या कोर्टावर पसरट आकार दिसला तर सगळ्याच रेषा जुन्या समजा. त्यावर शिकलेल्या मुलाचा चेंडू नव्या कोर्टावर रिंगच्या अलीकडेच पडतो आणि त्याला वाटतं, आज हात चालत नाही.

चेंडू बारा वर्षांपर्यंत ५ नंबर, पुढे मुलींना ६ आणि मुलांना ७. सिमेंटवर रबरी चेंडूच टिकतो. पण मोठ्या स्पर्धा लाकडी कोर्टावर, वेगळ्या पकडीच्या चेंडूने होतात. संघात तसा एक चेंडू वेगळा ठेवावा आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे कोर्ट झाडून त्यानेच नेमबाजी करावी. बुटाचा तळ कठीण रबराचा पाहावा. मऊ तळ सिमेंटवर लवकर घासतो आणि मग घोटा मुरगळतो.

दहा ते तेरा

या वयात रिंग २.६० मीटरवर असेल तर उत्तम. नसेल तर लांबून मारायला लावू नका. ताकद नसलेलं मूल चेंडू कमरेपासून ढकलतं आणि ती सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात. दोन्ही हातांनी ड्रिबल (चेंडू आपटत नेणं), दोन्ही बाजूंनी लेअप (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणं), दोन पायांवर थांबणं आणि पिव्हट (एक पाय रोवून वळणं) एवढं पुरे. डाव्या हाताला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या. सोबत खो-खो आणि मल्लखांब चालू द्या. खो-खोतली दिशा बदलायची सवय बचावात तशीच कामाला येते.

चौदा ते सोळा : इथेच ठरतं

आधी उंचीचा गैरसमज. जिल्ह्याच्या सामन्यात ५ फूट ११ इंचांचा मुलगा सगळ्यांत उंच, म्हणून त्याला रिंगखाली उभा करतात. तो रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) घेतो, संघ जिंकतो, सर खूश. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र याच उंचीचे गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारे, असतात. त्याला ड्रिबल येत नाही, लांबून नेम नाही, आणि रिंगखाली त्याच्यापेक्षा वीतभर उंच मुलं उभी. इथे कित्येकांचा खेळ संपतो.

अंदाज आधी बांधता येतो. आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा, मुलासाठी १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा आणि दोनने भागा. वडील १७२, आई १५८ असतील तर मुलाचं उत्तर १७१.५ येतं. आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे हा मुलगा फार तर सहा फुटांना लागेल. आज वर्गात सगळ्यांत उंच असला तरी त्याला गार्ड म्हणूनच घडवा.

रोजची नेमबाजी २५० चेंडूंची. पहिले ५० रिंगपासून दीड-दोन मीटरवरून, एका हाताने, फक्त मनगट आणि कोपर सरळ राहण्यासाठी. मग पाच जागांवरून वीस-वीस, म्हणजे १००. त्यानंतर ६० सामन्याच्या वेगात, ड्रिबल थांबवून किंवा पिव्हट करून. शेवटी दमलेल्या अंगाने ४० फ्री थ्रो. ते एका दमात नाही, दोन मारले की कोर्टाची एक फेरी पळायची. सामन्यात दोनच मिळतात आणि ते धापा टाकतानाच मारावे लागतात. वहीत आकडा लिहायचा. ४० पैकी ३० पडले म्हणजे ७५ टक्के, चांगल्या गार्डचं किमान लक्ष्य. दहातले सात पडेपर्यंत आणि तेही हाताची ढब न बिघडता, जागा मागे सरकवायची नाही.

उन्हाळ्यात वेळ पहाटे पावणेसहा ते साडेसात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सिमेंट संध्याकाळी सातपर्यंत तापलेलं असतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी जायला हवं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं ओआरएस. चमचे चहाचे. मीठ अंदाजाने जास्त टाकलं तर फायद्याऐवजी अपाय.

जेवणाबद्दल बाजारातल्या डब्यांआधी घरचा हिशेब पाहा. वाढत्या, खेळणाऱ्या शरीराला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलाला ९० ते १२० ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, दिवसभरात शंभर ग्रॅम कोरडी डाळ २२ ते २४, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २५. एवढ्यात ८७ ते ८९ झाले. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतोच, त्यामुळे भाकऱ्यांनी पुढचं भरून निघतं. सरावाआधी पाऊण तास दोन केळी. रावेर-यावलच्या मुलाला एनर्जी बार विकत घ्यायची काही गरज नाही. शेवभाजीचं तिखट-तेल मात्र सामन्याच्या आदल्या रात्री नको.

सामने वाढवायचे कसे

जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव ही चारही गावं रेल्वेने जोडलेली आहेत. चार संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे एकूण बारा सामने. रविवारी दोन खेळवले तर सहा आठवड्यांत लीग संपते आणि प्रत्येक मुलाला सहा पूर्ण सामने मिळतात, हरला तरी. धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार यांचा असाच गट एसटीवर जमतो. सामने दहा मिनिटांच्या चार डावांचेच ठेवा आणि चेंडू हाती आल्यापासून थ्रो मारेपर्यंतचं २४ सेकंदांचं घड्याळ मोबाइलवर का होईना, लावा. घड्याळाशिवाय शिकलेला संघ बाहेर गेला की चेंडू घोळवत बसतो आणि पंच शिट्टी वाजवतात.

कोर्टच नसेल तर थ्री-बाय-थ्री. १५ × ११ मीटरचं अर्धं कोर्ट, एक रिंग, चौघांचा संघ आणि त्यातला एक राखीव. दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण, चढाईला १२ सेकंद. धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या आश्रमशाळेच्या अंगणातही हे बसतं. टोकियोपासून हा ऑलिंपिकचा खेळ आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, थ्री-बाय-थ्री संकेतस्थळावर खेळाडूने खातं उघडलं आणि आयोजकाने स्पर्धा तिथे नोंदवली तर गावच्या स्पर्धेचेही गुण त्याच्या मानांकनात जमा होतात. आपल्याकडचे आयोजक मोठा करंडक आणतात, ही फुकटची नोंदणी मात्र विसरतात.

दोन दारं, दोन्ही उघडी ठेवा

पहिलं दार शाळेचं. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत. जिल्ह्यानंतर नाशिक विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दुसरं दार संघटनेचं. जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि वर भारतीय बास्केटबॉल महासंघ, तिथले गट १३, १६, १८ वर्षांखालील आणि वरिष्ठ. पीटीचे सर बहुधा पहिल्याच दाराचं सांगतात. दुसऱ्याची तारीख पालकांनी जिल्हा संघटनेकडे स्वतः जाऊन विचारावी, कारण नोकरीच्या वेळी याच प्रमाणपत्रांना मोल येतं. आठवीत शाळा निवडताना तिथे संघ आहे का, हे आधी पाहा. बास्केटबॉल एकट्याने खेळून जिल्ह्याला जाता येत नाही.

कागद इथेच नीट करा. शाळेत घालताना एक जून जन्मतारीख टाकून मोकळं व्हायची आपल्याकडची जुनी खोड आहे. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर तीन वेगळ्या तारखा किंवा नावाची तीन स्पेलिंगं असली तर मूल चाचणीच्या रांगेतून परत येतं. वयचोरीच्या संशयामुळे उशिरा नोंदवलेल्या दाखल्याकडे वाकड्या नजरेने पाहतात. दुरुस्तीला महिने लागतात, तेव्हा हे काम सुट्टीत उरका.

निवड चाचणीला बहुतेक मुलं गुण करायला जातात. निवडणाऱ्यांचं लक्ष चेंडू नसतानाच्या हालचालींवर असतं. कोण धावत मागे येतो, कोण रिबाउंडच्या वेळी आपल्या माणसाला पाठीने अडवतो, कोण बचावात ओरडून सांगतो. पाच चुकीचे लांब थ्रो मारणाऱ्यापेक्षा हा मुलगा आधी दिसतो.

अकरावी ते पदवी

सगळ्यांत जास्त गळती इथे होते. दहावीनंतर मुलं नीट-जेईईच्या क्लासला लागतात आणि १८ वर्षांखालचा गट तर नेमक्या याच दोन वर्षांचा. दोन्ही जमवणारे असतात, पण क्लासची वेळ ठरवण्याआधी सरावाची वेळ सांगून ठेवावी लागते. शिक्षण सोडणं मात्र त्याहून वाईट. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात पगाराच्या लेव्हल २-३ साठी बारावी किंवा दहावीसोबत आयटीआय लागतं, लेव्हल ४-५ साठी पदवी.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभाग आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. इथे जागा मिळवणं पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे, पण तो संघ पुढे किती जातो हेही पाहावं लागतं. आमचं मत असं : अठरापर्यंत जिथे मैदानावर जास्त मिनिटं मिळतील तिथे राहा. त्यानंतर पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या भक्कम संघात सहावा-सातवा खेळाडू म्हणूनही जायला हरकत नाही, कारण आता प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक लागतो.

अमेरिकेच्या महाविद्यालयात जायचं असेल तर नववीपासूनच्या गुणपत्रिका जपा. तिथल्या महाविद्यालयीन खेळांची संस्था एनसीएए, तिच्या पहिल्या श्रेणीसाठी १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी मागतात. आधी व्यावसायिक करार करून पैसे घेतले असतील तर पात्रता धोक्यात येऊ शकते. सही करण्याआधी विचारा.

रेल्वे आणि राज्य सरकार

रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या जाहिराती झोननिहाय निघतात. भुसावळ मध्य रेल्वेत, नंदुरबार पश्चिम रेल्वेत, पण अर्ज कुठल्याही झोनला करता येतो. वय १८ ते २५, सवलत नाही. शंभर गुणांचा हिशेब असा : चाचणीला ४०, क्रीडा कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १०. चाचणीत ४० पैकी २५ पडले नाहीत तर बाकी सगळं वाया. लेव्हल २ चं मूळ वेतन १९,९०० रुपये, लेव्हल ५ चं २९,२००, वर भत्ते.

फसगत होते ती कामगिरीच्या तारखेत. चालू आणि आधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच कामगिरी धरतात. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय खेळलेला मुलगा बावीसाव्या वर्षी तेच प्रमाणपत्र घेऊन गेला तर त्याला शून्य. म्हणून अठरा ते बावीस या काळात दरवर्षी एक तरी मोठी स्पर्धा पदरात हवी. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांत किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठात पहिल्या तिघांत, असे निकष जाहिरातीत असतात. ते ओळीओळीने वाचा.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून, खान्देशच्या मुलांना नाशिकहून, करून घ्यावी लागते. नुसत्या सहभागावर फारसं काही होत नाही, पदकाचा क्रमांक लागतो. जाहिरात निघाल्यावर पडताळणीला धावणारे मुदतीत पोचत नाहीत. स्पर्धा झाली की त्याच वर्षी अर्ज टाका. सोबत संघाची यादी, निकालपत्रक आणि स्कोअरशीटची प्रत जपून ठेवा, पुढे संघटनेतले पदाधिकारी बदलले की ते कागद मिळत नाहीत.

करारावर सही करताना

लीगच्या करारात चार गोष्टी शोधा. रक्कम कर कापून की कर धरून, हप्त्यांच्या तारखा, दुखापत झाली तर उपचार आणि उरलेलं मानधन कोणाचं, आणि मुदतीआधी काढलं तर काय. नोकरीत असाल तर खात्याचं ना-हरकत पत्र आधी. परदेशी क्लबसाठी महासंघाचं मुक्तिपत्र लागतं. ते नसेल तर क्लबने विमानाचं तिकीट पाठवलं तरी मैदानावर उतरता येत नाही. दलाल भेटला तर तो फिबाचा परवानाधारक आहे का पाहा. तंटा झाल्यास फिबाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाण्याचं कलम करारात असू द्या, नाहीतर परक्या देशातल्या कोर्टात वकील लावावा लागेल.

गुडघा, घोटा आणि औषधाची बाटली

बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतं. हाड झपाट्याने वाढत असताना स्नायूची ओढ तिथे बसते. उड्या कमी करा, मांड्या ताणा, सिमेंटवरचे दिवस आठवड्याला तीनवर आणा. तेल चोळून उपयोग नाही. मुलींना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचा धोका जास्त. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का, हे मोबाइलवर समोरून चित्रण करून पाहा आणि दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवा. मुरगळलेल्या घोट्यावर एका पायाने दहा उड्या न दुखता मारता आल्याशिवाय सामना नाही.

नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, चाचणी राष्ट्रीय स्पर्धेतही होऊ शकते. सतनामवर २०२०मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती उत्तेजकांच्या नियमाखाली. सर्दीच्या काही गोळ्यांत, जिममध्ये मिळणाऱ्या बेनामी पावडरीत बंदी असलेले घटक असतात. डॉक्टरांना आधीच सांगा की मूल स्पर्धा खेळतं. औषध टाळताच येत नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज असतो, तो घेण्याआधी करायचा.

तिशीच्या पुढे

गुडघे तिशीनंतर बोलू लागतात. नोकरी असलेल्याला बढती आणि संघाचं प्रशिक्षकपद असतं. नसलेल्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका किंवा सीईटी देऊन बीपीएड. पंचगिरी मात्र खेळतानाच सुरू करावी, आधी टेबलावर स्कोअरशीट आणि २४ सेकंद, मग राज्य संघटनेची परीक्षा, मग महासंघाची. रविवारच्या लीगला स्कोअरशीट भरणारा माणूस नेहमीच कमी पडतो. दुखापतीने बाकावर बसलेल्या मुलाला तिथे बसवा.